कान असलेलं मशीन

ज्या घरात रियाज चालतो तिथे इलेक्ट्रॉनिक तानपुरा बहुधा असतोच. काळी चार लावली, आवाज बेताचा ठेवला, की तो तासन्‌तास वाजत राहतो. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कुठलं अ‍ॅप उघडावं लागत नाही. या प्रकरणातली मशीनं त्याच जातीची आहेत. फरक एवढाच, की तानपुरा नुसती साथ करतो आणि ही मशीनं आपण सांगू ते लक्षात ठेवून वाजवतात: ठेका, बेस, वरची सुरावट आणि त्या सगळ्याचा क्रम. लक्षात ठेवणाऱ्या भागाला सीक्वेन्सर म्हणतात. सीक्वेन्सर आणि आवाज काढणारा भाग एकाच डब्यात बसवला की झाला ग्रूव्हबॉक्स. हे नाव जपानच्या रोलँड कंपनीने १९९६ मध्ये आपल्या एमसी-३०३ या मशीनसाठी रूढ केलं. आता ते कुठल्याही कंपनीच्या अशा डब्याला लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. खर्च वाचवणं हा एकमेव हेतू असेल तर काहीही विकत घेऊ नका. आयफोनवर गॅरेजबँड फुकट आहे. कोआला सॅम्पलर नावाचं अ‍ॅप काहीशे रुपयांत मिळतं आणि दहापट महागड्या मशीनला लाजवेल इतकं काम करतं. तरीही लोक डबे घेतात, त्याला कारणं आहेत. नॉब फिरवला की आवाज बदलतो हे बोटांना कळतं, काचेवर बोट सरकवून तसं कळत नाही. गाणं अर्धं झालेलं असताना मधेच कुणाचा मेसेज येऊन पडत नाही. आणि ज्या कारणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते असं, की मशीन विकता येतं. नीट वापरलेला डबा दोन वर्षांनी विकला तर किमतीचा बराचसा भाग परत येतो. अ‍ॅपचे पैसे गेले ते गेले.

स्वस्त मशीनांच्या इतिहासात एक मुंबईकर आहे. चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. साधनं तीन आणि तिन्ही रोलँडची. ज्युपिटर-८ हा मोठा, महागडा सिंथेसायझर. टीआर-८०८ हे ड्रम मशीन. आणि टीबी-३०३ हा चपटा, चंदेरी, छोटा डबा. एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून तदाओ किकुमोतो यांनी ३०३ घडवला होता. खऱ्या बेस गिटारसारखा तो मुळीच वाजेना, त्यामुळे खपलाही नाही. सुमारे दहा हजार नग काढून १९८४ मध्ये कंपनीने तो बंद केला. जुन्या बाजारात तो कवडीमोलाने मिळू लागला आणि शिकागोतल्या फ्यूचर या गटाच्या मुलांनी त्याचे नॉब उलटसुलट पिळून १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ बाहेर काढली. अ‍ॅसिड हाऊस हा प्रकार तिथून रुजला असं मानतात. चरणजितसिंगांच्या रेकॉर्डकडे त्या काळी कुणी लक्ष दिलं नव्हतं. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले श्रोते चकित झाले, कारण तोच ३०३, तसाच वळवळणारा बेस, आणि तोही शिकागोच्या पाच वर्षं आधी.

मला या हकिकतीत पहिला कोण हा वाद महत्त्वाचा वाटत नाही. ३०३ मध्ये एका सुरावरून पुढच्या सुरावर न तुटता घसरत जाण्याची सोय आहे, तिला स्लाइड म्हणतात. बहुतेक कीबोर्डांवर सूर सुटे सुटे पडतात, म्हणून राग त्यांच्यावर कोरडा वाटतो. स्लाइडमुळे मींडेची निदान सावली तरी आली. ज्याच्या कानात राग होता त्याला ही सोय सापडली. मशीन निवडताना नेमकं हेच करायचं असतं: आपल्या कानात काय आहे ते ओळखायचं आणि त्याला जागा देणारा डबा शोधायचा.

आणि इथेच पहिली अडचण येते. आज मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त मशीनांत भरलेले आवाज ८०८ आणि तिच्यानंतर आलेल्या ९०९ या ड्रम मशीनांचे, किंवा त्यांच्या नकला आहेत. ते उत्तम आवाज आहेत, निम्मं पाश्चात्त्य नृत्यसंगीत त्यांच्यावर उभं आहे. पण त्यांत ढोलकीची चाट नाही, हलगी नाही, संबळ नाही, तुणतुणं नाही. तीन-चार आठवडे ‘बूम-टिक’ वाजवून झालं की आपल्याकडच्या माणसाला काहीतरी परकं वाटू लागतं आणि मशीन कपाटात जातं. म्हणून माझा सल्ला ठाम आहे. पहिलं मशीन सॅम्पलर घ्या, म्हणजे बाहेरचा आवाज टिपून घेणारं आणि तो वाजवणारं. सिंथेसायझर नंतर.

सॅम्पलरचं तत्त्व सोपं आहे. ढोलकीवर एक थाप मारली, मशीनने ती नोंदवली, आता ती एका बटणावर बसली. बटण दाबलं की थाप. तीच थाप खालच्या किंवा वरच्या सुरात, उलटी, तोकडी करून वाजवता येते. स्वयंपाकघरातली पातेली, लोकलचा खडखडाट, आजीचं जात्यावरच्या ओवीचं गुणगुणणं, सगळं बटणावर येतं. स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंगचं पीओ-३३ हे या जातीतल्या सगळ्यात स्वस्त मशीनांपैकी एक. २०१८ मध्ये ते ८९ डॉलरला आलं. हातातल्या कॅल्क्युलेटरएवढं, खोका नसलेलं, सर्किटची पाटी तशीच उघडी, आणि दोन बारीक एएए सेलवर चालणारं. अंगातच माइक आणि छोटा स्पीकर आहे. स्मृती फक्त ४० सेकंदांची. आठ जागा सुरांसाठी, आठ तालासाठी. तालाच्या जागेत काही नोंदवलं की मशीन त्याचे आपोआप तुकडे पाडून सोळा बटणांवर वाटून देतं. ढोलकीवादक मित्राला सगळे बोल एकामागून एक, मधे जरा थांबत वाजवायला सांगा. पाचसहा सेकंदांच्या एका नोंदीत सगळी ढोलकी बटणांवर येते. ४० सेकंद कमी वाटतात, पण एक थाप अर्ध्या सेकंदाचीही नसते. माइकचा आवाज खरखरीत आहे हे खरं, पण फारसं बिघडत नाही. हलगीला तर तो शोभतो.

त्याच कंपनीचं २०२३ मधलं ईपी-१३३ हे त्याहून बरंच पुढचं मशीन, बाजारात आलं तेव्हा २९९ डॉलरचं. चार एएए सेल, माइक, स्पीकर, बाहेरून आवाज घ्यायला वेगळी जागा, आणि दाब ओळखणारी बटणं, म्हणजे हळू मारलं तर हळू वाजतं. माणसाने तबल्यावर दिलेलं वजन मशीनमध्ये थोडंफार तरी उतरतं ते यामुळे. रोलँडचं २०२४ मधलं पी-६ हेही माइकसह येतं आणि खिशात मावतं.

आता नावांचा सापळा. कोर्ग कंपनीच्या एका मशीनचं नाव व्होल्का सॅम्पल आहे. इलेक्ट्रॉनच्या एका मशीनचं नाव मॉडेल सॅम्पल्स आहे. दोन्ही सॅम्पल वाजवतात आणि चांगली वाजवतात. पण दोन्हींना आवाज टिपता येत नाही! माइक नाही आणि आत नोंदवण्याची सोयही नाही. आवाज आधी दुसरीकडे नोंदवायचे, मग फोन किंवा कॉम्प्युटरमधून आत पाठवायचे. पहिल्या व्होल्का सॅम्पलमध्ये तर आयफोनच्या अ‍ॅपमधून ते पिनेच्या वायरने किरकिर करत चढवावे लागत. ज्यांना बसून नीट आवाज निवडायला आवडतं त्यांच्यासाठी हे ठीक आहे, आणि इलेक्ट्रॉनचं मशीन बाकी बाबतीत या प्रकरणातल्या बहुतेकांपेक्षा सरस आहे. पण पाहुण्याने सहज म्हटलेली ओळ तिथल्या तिथे पकडायची असेल तर ही दोन उपयोगी नाहीत. नोव्हेशनचं सर्किट ऱ्हिदम मधलं आहे: माइक नाही, पण वायरने बाहेरचा आवाज घेऊन नोंदवतं. फोनवर रेकॉर्ड केलेलं त्यात वाजवून भरता येतं.

सोळा घरं आणि सात मात्रा

दुसरी अडचण दुकानदार सांगणार नाही, कारण त्याच्या लक्षातच येत नाही. बहुतेक मशीनांचा सीक्वेन्सर सोळा घरांचा असतो. सोळा बटणं एका रांगेत, डावीकडून उजवीकडे एक दिवा पळत जातो, ज्या घरात आपण काही ठेवलं तिथे ते वाजतं. ही सोळा घरं म्हणजे पाश्चात्त्य चार ठोक्यांचा प्रत्येकी चौथा भाग. आपल्या आठ मात्रांच्या तालांना हे उत्तम जमतं. केरवा बसतो. भजनातली धुमाळी बसते, प्रत्येक मात्रेला दोन घरं. त्रितालाच्या सोळा मात्रांना तर सोळा घरं आयतीच.

पण दादरा सहा मात्रांचा, रूपक सात, झपताल दहा. सोळाला यांपैकी कशानेच भाग जात नाही. पीओ-३३ मध्ये घरं सोळाच, ती कमी होत नाहीत. त्यावर दादरा बसवायला गेलं की तो फिरून समेवर येतच नाही. ज्याला भावगीतं आणि लावण्या डोक्यात ठेवून काही करायचं आहे त्याला ही मर्यादा पहिल्याच आठवड्यात टोचेल. स्वस्त असूनही पीओ-३३ सगळ्यांना सुचवता येत नाही ते यामुळेच.

यावर उपाय असलेली मशीनं महाग नाहीत. कोर्गच्या व्होल्का मालिकेत, जी २०१३ मध्ये सुरू झाली, नको असलेली घरं बंद करता येतात आणि दिवा ती गाळून पुढे जातो. सोळापैकी दोन घरं बंद केली की चौदा उरतात: रूपक, मात्रेला दोन घरं. चार बंद केली की बारा, म्हणजे दादरा. सहा बंद केली की झपताल, मात्रेला एकच घर. नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्स आणि सर्किट ऱ्हिदमवर बत्तीस घरांपर्यंत जाता येतं आणि सुरुवात-शेवट कुठे हे ठरवता येतं. मॉडेल सॅम्पल्सवर चौसष्ट घरं आहेत, शिवाय प्रत्येक वाद्याची लांबी वेगळी ठेवता येते. ढोलकी बारा घरांत फिरते आहे आणि बेस सोळात, दोघं अठ्ठेचाळीस घरांनंतर एकत्र समेवर येतात. असं काही करून बघायची हौस असेल तर हे मशीन सोन्यासारखं आहे. ईपी-१३३ मध्ये घरांऐवजी तिगुणीची मोजणी निवडता येते. चार ठोके गुणिले तीन म्हणजे बारा, दादऱ्याची दोन आवर्तनं.

श्रुतींचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच, की स्वस्त मशीनं बारा स्वरांच्या समान वाटणीवर लावलेली असतात. कोर्गच्या २०१७ मधल्या मोनोलॉगमध्ये स्वर वेगळे लावता येतात. त्या सोयीत इंग्लिश संगीतकार एफेक्स ट्विन यांचा हात होता. सॅम्पलरमध्ये हा प्रश्न निम्मा सुटतो. तुम्ही गायलेला कोमल ऋषभ जसा गायला तसाच राहतो.

डब्याबाहेरचा खर्च

किंमत बघताना लोक डब्याची बघतात. परदेशातला डॉलरचा आकडा रुपयांत बदलून खूश होऊ नका. आयात शुल्क, जीएसटी आणि विक्रेत्याचा नफा त्यात मिळवावा लागतो. त्यानंतर अडॉप्टर, वायरी आणि हेडफोन.

अडॉप्टरबाबत सावध राहा. कोर्गच्या व्होल्काला नऊ व्होल्टचा अडॉप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग धन असतो. गिटारच्या पेडलांसाठी रोलँड आणि बॉसचे जे नऊ व्होल्टचे अडॉप्टर सर्रास मिळतात त्यांचा मधला भाग ऋण असतो. पिन दोन्हींची सारखीच दिसते. उलटा लावला तर मशीन जळू शकतं. अडॉप्टरवर गोल आणि ठिपक्याची एक छोटी खूण छापलेली असते, ती मशीनच्या खुणेशी जुळवून बघा. व्होल्का सहा एए सेलवर चालते, ईपी-१३३ चार एएएवर. किराण्याच्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारं मशीन मला आत बसवलेल्या बॅटरीच्या मशीनपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. बॅटरी चार-पाच वर्षांत थकते, सेल थकले तर बदलता येतात. शिवाय चार्जरला जोडून वाजवताना बऱ्याच घरांत ‘हम्म’ असा आवाज येतो, विशेषतः अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतींत. सेल घातले की तो जातो.

दोन मशीनं जोडायची झाली तर दोन प्रश्न उभे राहतात. दोघांची लय एक कशी राहील, आणि दोघांचा आवाज एका हेडफोनमध्ये कसा येईल? लयीसाठी मिडी नावाची पद्धत आहे. सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये ती आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं पहिल्यांदा एकमेकांशी बोलू लागली. जुनी मिडीची वायर पाच पिनांची आणि जाड; नव्या छोट्या मशीनांवर तिच्या जागी हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची जागा असते. तिची जोडणी काही वर्षं दोन प्रकारची होती, २०१८ मध्ये त्यांतला ‘ए’ प्रकार प्रमाण ठरला. त्याआधीचं जुनं मशीन घेत असाल तर ते ‘बी’ प्रकारचं नाही ना, हे विचारा. व्होल्का आणि पॉकेट ऑपरेटर (पीओ-३३ हे त्यांतलंच एक) याहूनही साधं करतात. साध्या वायरीतून नुसता लयीचा ठोका पाठवतात, आणि दोन्ही एकमेकांशी छान जमवून घेतात.

आवाजासाठी मिक्सर लागतो, आणि बजेट इथेच फुटतं. दोन व्होल्का घेतल्या तर तिसरी वस्तू मिक्सर ही घ्यावीच लागते. पॉकेट ऑपरेटरमध्ये पहिल्या मशीनचा आवाज दुसऱ्यातून आरपार जातो. रोलँडच्या एरा कॉम्पॅक्ट मालिकेतही दुसऱ्या मशीनचा आवाज आत घेऊन पुढे पाठवायची जागा आहे, आणि यूएसबीच्या वायरीने आवाज थेट कॉम्प्युटरमध्ये नोंदवता येतो. टी-८ हे त्या मालिकेतलं २०२२ चं मशीन. त्यात ८०८ आणि ९०९ यांचे ठोके आणि ३०३ चा बेस एकत्र आहेत. २०२३ चं एस-१ हे चार सूर एका वेळी वाजवणारं सिंथेसायझर. दोन्ही मिळून ओंजळीत मावतात. १९८२ मध्ये मुंबईच्या स्टुडिओत जेवढी सामग्री लागली होती तिच्यातलं ज्युपिटर-८ सोडून बाकी सगळं यांत आलं. चरणजितसिंग २०१५ मध्ये वारले, हे डबे त्यांनी पाहिले नाहीत.

नुसता ३०३ हवा असेल तर मूळ मशीन आता संग्राहकांच्या भावात गेलं आहे. बेहरिंगरचं टीडी-३ ही त्याची २०१९ मधली नक्कल, दीडशे डॉलरच्या आसपास. नक्कल म्हणून नाक मुरडणारे आहेत, कानाला मात्र फारसं काही कमी वाटत नाही. स्लाइड आहे. सेलवर चालत नाही आणि त्याला ठेक्यासाठी दुसऱ्या मशीनची सोबत लागते, म्हणून पहिलं मशीन म्हणून ते नको.

जुनं घेणार असाल तर दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी हेडफोन घेऊन जा. सेलचं झाकण उघडा. पांढरट किंवा हिरवट थर दिसला तर आत गळती झालेली आहे. प्रत्येक नॉब एकदा पूर्ण फिरवा आणि खरखर येते का ऐका. हेडफोनची पिन जरा हलवून बघा. काहीतरी नोंदवा, जतन करा, मशीन बंद करा, परत चालू करा आणि ते आहे का बघा. विकणारा घाई करत असेल तर निघून या, अशी मशीनं पुन्हा पुन्हा विकायला येतात.

गाणं पूर्ण होण्याच्या दृष्टीने अजून एक आकडा बघावा लागतो, किती नमुने, म्हणजे घरांत बसवलेले पॅटर्न, साठवता येतात हा. व्होल्का बीट्स आणि व्होल्का कीजमध्ये आठच जागा आहेत. आठ तुकड्यांत गाणं होतं, पण दुसरं गाणं सुरू करायचं तर पहिलं पुसावं लागतं. पीओ-३३ मध्ये सोळा नमुने आहेत आणि १२८ पर्यंत तुकडे एकापुढे एक लावता येतात.

तेव्हा निकाल असा. अगदी थोडे पैसे असतील आणि आठ-सोळा मात्रांच्या जगात समाधान असेल तर पीओ-३३. जरा जास्त खर्च झेपत असेल तर ईपी-१३३, आणि बहुतेक वाचकांनी इथेच थांबावं. वेगवेगळ्या तालांची खरी ओढ असेल आणि आवाज फोनवर नोंदवून भरायचा कंटाळा नसेल तर जुनं मॉडेल सॅम्पल्स किंवा सर्किट ऱ्हिदम. कुठलंही घ्या, पण पैसे देण्याआधी त्या मशीनची माहितीपुस्तिका कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. ती फुकट असते. नमुन्याची लांबी बदलता येते की नाही हे तीत लिहिलेलं असतं, जाहिरातीत ते सहसा सापडत नाही.